‘तुमचे दुकान कुठे आहे?’ – मिशनभूमीतील आमचे घर



ऑक्टोबर महिन्यात आपण मिशन रविवार पाळतो. पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली तो सुरू केला. त्या दिवशी मिशनऱ्यांसाठी प्रार्थना होते, दान गोळा होते. मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फादर किंवा सिस्टर उभ्या राहतात. आई-बाप, दोन मुले, शाळेची दप्तरे आणि प्रेशर कुकर असे चित्र सहसा येत नाही. परंतु प्रेषितांच्या काळातही असे एक घर होते. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात अक्विला व प्रिस्किल्ला हे जोडपे आपल्याला भेटते. क्लौद्य कैसराच्या हुकमामुळे त्यांना रोम सोडावे लागले. करिंथ येथे ते तंबू करण्याचा धंदा करीत आणि संत पौल त्यांच्याच घरी राहून हाताने काम करीत असे. या दोघांचे एकही प्रवचन शास्त्रात लिहिलेले नाही. त्यांचे घर मात्र पुन्हा पुन्हा येते.

आम्ही २०११ साली टांझानियाला गेलो तेव्हा हे घर वगैरे काही आमच्या डोक्यात नव्हते. आमच्यापैकी एकाला धर्मग्रामाच्या कार्यशाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे होते, दुसरीला दवाखान्यात नर्सचे काम होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर म्वांझा नावाचे शहर आहे. टेकड्यांवर एकावर एक रचून ठेवावेत तसे प्रचंड धोंडे आणि त्यांच्या मधून घरे. आजूबाजूला सुकुमा लोकांची वस्ती. तेथे आम्ही तीन वर्षे राहिलो. तयारी भरपूर केली होती. पिवळ्या तापाची लस, मच्छरदाण्या, स्वाहिली भाषेचे पुस्तक, सगळे होते. घडले मात्र दुसरेच.

पहिल्या शनिवारी शेजाऱ्याने सांगितले, मिस्सा ‘सा म्बिली’ला. म्बिली म्हणजे दोन, एवढे आम्हाला येत होते. मुलांना जेवू घातले, इस्त्रीचे कपडे घातले आणि भर उन्हात दोन वाजता चर्चच्या दारात हजर झालो. कुलूप! एक म्हातारे गृहस्थ सावलीत बसले होते, ते हसू आवरत नव्हते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. मिस्सा सकाळी आठलाच होऊन गेली होती. घरी आल्यावर लक्षात आले की शुभवर्तमानातले तासही असेच मोजलेले आहेत. द्राक्षमळ्यात अकराव्या तासाला आलेले मजूर म्हणजे संध्याकाळी पाचला आलेले, हे आमच्या मुलीला तेव्हापासून कोणी समजावून सांगावे लागत नाही.

भाषेने तर फारच गंमत केली. स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. आमच्या आठ वर्षांच्या लेकीला सारी गल्ली ‘दादा’ म्हणू लागली तेव्हा ती रडकुंडीला आली. धाकट्याला आम्ही लाडाने ‘बाबू’ म्हणायचो. तेथे बाबू म्हणजे आजोबा. शेजारणी पोट धरून हसल्या. आणि तरीही बाजारात कानावर पडे ते ओळखीचे : ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘लाकी’ म्हणजे लाख, ‘रांगी’ म्हणजे रंग, आणि चपाती ती चपातीच. सरोवरातली दागा नावाची बारीक मासळी काठावर उन्हात सुकत घातलेली असते. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मुले ओरडलीच, “सुकट!” अर्नाळ्याच्या किनाऱ्याची आठवण येऊन आम्हा दोघांनाही बोलवेना. मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर ती दागा आम्ही आठवड्यातून चार वेळा खात होतो, आणि तेथील लोकांना याचेच मोठे नवल.

नवल का, हे हळूहळू कळले. पूर्व आफ्रिकेत भारतीय माणूस म्हणजे व्यापारी. गुजरात-कच्छकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे व्यापार करीत आले आहेत, गोव्याचे लोक कचेऱ्यांत कारकून होते. भारतीयाला तेथे ‘म्हिंदी’ म्हणतात. आम्ही कोठेही गेलो की पहिला प्रश्न ठरलेला : “तुमचे दुकान कुठे आहे?” दुकान नाही म्हटले की समोरचा आमच्याकडे संशयाने पाही. आम्ही मनातून दुखावले जात होतो. आम्ही ख्रिस्ती, येथे सेवेला आलो आहोत, आम्हाला व्यापाऱ्यांच्या रांगेत का बसवता? आज लिहिताना वाटते, त्या दुखावण्यात अहंकार बराच होता. आणि आमच्या घराला लोखंडी फाटक होते. तेथे शेजारी दाराबाहेरून “होडी” अशी हाक देतो, आतून “करीबू” म्हणजे ‘या’ असे उत्तर येते. आमच्या फाटकाला दिवसाही कुलूप असे. चोऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, मुले लहान होती. कारणे खोटी नव्हती, पण “होडी” म्हणणाऱ्याला किल्ली शोधेपर्यंत उन्हात उभे राहावे लागे आणि लोक येईनासे झाले.

पहिल्याच पावसाळ्यात तीन घरे पलीकडच्या बाईचे तान्हे बाळ मलेरियाने गेले. रात्री रडणे ऐकू आले. सकाळी पुरुष झाडाखाली बाकांवर आणि बायका आत चटईवर बसलेल्या दिसल्या. आम्ही विचार केला, भाषा धड येत नाही, ओळख फार नाही, त्यांच्या दुःखात लुडबुड कशाला? घरी बाळासाठी जपमाळ केली आणि कामाला गेलो. चौथ्या दिवशी आमच्या जुमुइयाच्या प्रमुख बाई फाटकाशी आल्या. (जुमुइया म्हणजे लहान ख्रिस्ती समूह. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७६ साली या समूहांना अग्रक्रम दिला, आणि तेथे धर्मग्राम खरोखर त्यांच्यावरच चालतो.) त्या रागावल्या नव्हत्या. एकच शब्द बोलल्या, “हामकुजा.” तुम्ही आला नाहीत.

आम्ही म्हणालो, आम्हाला कोणी बोलावले नाही.

“म्सीबाला बोलावतात?” त्यांनी विचारले. म्सीबा म्हणजे मयत, सुतक, दुखवटा, सगळे एका शब्दात. आम्हाला उत्तर देता आले नाही. आपल्या वाडीत चर्चची घंटा वाजली की कोण आमंत्रणाची वाट पाहते? हातातला घास टाकून माणसे निघतात, शेजारच्या घरून जेवण जाते. हे आम्ही लहानपणापासून पाहिले होते आणि विमानात बसताना जणू वसईतच ठेवून आलो होतो. संध्याकाळी साखर घेऊन त्या घरी गेलो. त्या आईने आम्हाला बसायला चटई दिली, चहा दिला. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवसभर फाटक उघडे ठेवले. एकदा सायकल चोरीला गेली, हेही सांगायला हवे.

पुढच्या वर्षी, लेंटमध्ये, पहाटे घरून फोन आला. बाबा गेले. दफनविधी दुसऱ्या दिवशी होता. म्वांझाहून मुंबईला पोहोचायला विमाने बदलत दोन दिवस लागत. जाणे शक्यच नव्हते. मिशनरी होताना असे काही होईल हे ठाऊक असते, तरी तो फोन ठेवल्यावर बाबांनी आशीर्वाद देताना डोक्यावर ठेवलेला हात आठवून आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवरच बसलो. देवाने पाठवले आणि एवढेही करू दिले नाही, असे शब्द तोंडून निघाले. ते मागे घेतलेले नाहीत.

उजाडले आणि “होडी” ऐकू आले. मुलगी शाळेत सांगून आली होती. बायकांनी आमची टेबल-खुर्ची बाहेर काढली, चटया अंथरल्या. पुरुष अंगणात लाकडे फोडू लागले. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिले नव्हते, ज्याची माती हजारो मैलांवर पडणार होती, त्याच्यासाठी ते तीन दिवस आमच्या घरी बसले. रात्री जपमाळ स्वाहिलीत आणि मराठीत झाली. आम्हाला चूल पेटवू दिली नाही. ज्या वेळी वसईत मिस्सा सुरू होणार होती, त्याच वेळी जुमुइयाच्या प्रमुखांनी सर्वांना उभे केले. त्यांनी तासाचा हिशोब आमच्याकडून आधीच नीट विचारून घेतला होता.

प्रभू येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवले तेव्हा थैली घेऊ नका, ज्या घरी जाल तेथेच राहा, जे वाढतील ते खा असे सांगितले (लूक १०). हा अध्याय आम्ही किती वेळा वाचला होता! आपण वाढणारे आहोत असेच समजून वाचला होता.

चौथ्या दिवशी त्यांनी आमच्या हातात एक शाळेची वही आणि पाकीट दिले. दुःखाच्या घरी वर्गणी काढून देतात, तिला ‘रांबीरांबी’ म्हणतात. कोणी किती दिले ते वहीत लिहिलेले असते, म्हणजे उद्या त्यांच्या घरी प्रसंग आला तर आपल्याला कळावे. ती वही आमच्याकडे आजही आहे. तिच्यात एकेचाळीस नावे आहेत. सगळ्यात लहान आकडा पाचशे शिलिंगांचा, म्हणजे आपले वीस रुपयेही नाहीत. त्यापुढे त्या बाळाच्या आईचे नाव आहे.