कामावरून घरी येणारे शिसे



आपल्या उस्मानपुऱ्यातील अनेक घरांची चूल वाळूज, चिकलठाणा व रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतीतील कामावर पेटते. संध्याकाळी बाबा दारात आले की लहान मूल धावत जाऊन त्यांना बिलगते. घरातील कोणी बॅटरी, सोल्डरिंग, रंगकाम किंवा भंगार यांच्या कामावर असेल, तर या क्षणाचा आपण थोडा विचार करू या. कपड्यांवर व केसांत बसलेली शिशाची धूळ तेव्हाच मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते.

शिसे हा जड धातू आहे. (आपल्या शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते, ग्रॅफाइट असते.) शरीराला त्याचा काहीच उपयोग नाही. तरीही शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत व दातांत साठवते. गरोदर आईच्या हाडांतील शिसे पोटातील बाळापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही.

सुरुवातीला मूल आजारी दिसतच नाही. अभ्यासात मागे पडते, चिडचिड करते, रक्त कमी होते, पोट दुखते. आपण त्याला आळशी म्हणून रागावतो. मेंदूची झालेली हानी मात्र औषधाने भरून येत नाही.

१९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्लीतील तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे रक्त तपासले गेले. १,०८१ मुलांच्या नोंदींत सुमारे ७६ टक्के मुलांच्या दर डेसिलिटर रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे आढळले. आज ५ मायक्रोग्रॅम आढळले तरी शिसे कोठून येते ते शोधावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. पण आता जगातील सुमारे ८५ टक्के शिसे बॅटऱ्यांसाठी वापरले जाते. रिक्षात, दुचाकीत, घरच्या इन्व्हर्टरमध्ये तीच बॅटरी असते.

जुनी बॅटरी उघड्यावर फोडली व वितळवली तर काय होते, हे आफ्रिकेतील सेनेगल देशात दिसले. डकार शहराजवळच्या एका वस्तीत लोक हेच काम करीत. तेथे २००७-०८ च्या काही महिन्यांत १८ बालके दगावली. शिसे कुजत नाही. अंगणातील माती वर्षानुवर्षे विषारी राहते.

आपण घरी एवढे जरूर करावे :

१. कामाचे कपडे व चपला कामावरच बदलाव्यात. ते शक्य नसेल तर घरी येताच आंघोळ करावी, मगच मुलाला जवळ घ्यावे. ते कपडे वेगळे धुवावेत.

२. जुनी बॅटरी भंगारात न देता नवी घेताना दुकानदाराकडे परत करावी. घरी कधीही फोडू नये.

३. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मुलांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

४. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नये.

५. लोह व कॅल्शियम कमी असलेले मूल शिसे अधिक शोषते. नाचणी, तीळ, डाळ, पालेभाजी, दूध रोजच्या जेवणात असावे.

६. शंका असल्यास डॉक्टरांना पालकाचे काम नेमके काय आहे ते सांगावे व रक्तातील शिशाच्या तपासणीविषयी विचारावे.

कामावर हातमोजे, मास्क व हात धुण्याची सोय मागणे म्हणजे तक्रार नव्हे. तो आपला हक्क आहे. आपण लेकरांसाठीच राबतो. घामाची भाकरी घरी न्यावी, धूळ मात्र दाराबाहेरच ठेवावी.