हे की ते?

अमेरिकेतील मुलांचा एक आवडता खेळ आहे. त्याला फळी लागत नाही, चेंडू लागत नाही, की मैदानही लागत नाही. एकाने दोन गोष्टी पुढे ठेवावयाच्या आणि दुसऱ्याने त्यांतील एक निवडावयाची. ‘पक्ष्यासारखे उडता यावे, की माशासारखे पाण्याखाली राहता यावे?’ ‘बारा महिने उन्हाळा हवा, की बारा महिने हिवाळा?’ असे त्यातील प्रश्न असतात. खेळाचा नियम एकच, पण मोठा कडक. ‘दोन्ही हवीत’ असे म्हणावयाचे नाही आणि ‘एकही नको’ असेही म्हणावयाचे नाही. एक निवडावयाची आणि ती का निवडली, हे सांगावयाचे. पहिले काही प्रश्न हसण्याखिदळण्यात जातात. मग मात्र ज्याच्या त्याच्या कारणांवरून ज्याचा त्याचा स्वभाव कळू लागतो.

न्यूयॉर्क शहरातील दोन गगनचुंबी इमारतींविषयी हाच खेळ तेथील मोठी माणसेही नव्वदांहून अधिक वर्षे खेळत आली आहेत. त्यांतील एक क्रायस्लर इमारत आणि दुसरी एम्पायर स्टेट इमारत.

१९२९ साली न्यूयॉर्कमध्ये उंचीची मोठी चुरस लागली होती. मोटारी तयार करणारे उद्योगपती वॉल्टर क्रायस्लर यांच्यासाठी विल्यम व्हॅन ॲलन हे वास्तुविशारद एक इमारत उभारीत होते. त्याच वेळी वॉल स्ट्रीट या रस्त्यावर दुसरी एक इमारत चढत होती. तिचे वास्तुविशारद क्रेग सेव्हरन्स हे व्हॅन ॲलन यांचे एके काळचे भागीदार! दोघांनीही आपापल्या इमारतीची उंची वाढवीत नेली. अखेर सेव्हरन्स यांची इमारत ९२७ फुटांवर थांबली आणि पैज आपण जिंकली, असे त्या पक्षास वाटले. परंतु व्हॅन ॲलन यांनी आपला डाव झाकून ठेवला होता. १८५ फूट लांबीचा एक पोलादी सुळका तुकड्या-तुकड्यांनी आणून त्यांनी इमारतीच्या पोटातच गुपचूप जोडविला होता. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी तो शिखरातून वर सरकविण्यात आला आणि सुमारे दीड तासात जागेवर बसला. क्रायस्लर इमारत १,०४६ फूट उंच झाली. पॅरिसचा आयफेल मनोराही तिच्यापुढे ठेंगणा ठरला.

हा विजय फार काळ टिकला नाही. १ मे १९३१ रोजी एम्पायर स्टेट इमारतीचे उद्घाटन झाले. १०२ मजल्यांची आणि १,२५० फूट उंचीची ही इमारत अवघ्या ४१० दिवसांत उभी राहिली होती. जगातील सर्वांत उंच इमारत हा मान पुढे सुमारे ४० वर्षे तिच्याकडे राहिला.

मग या दोहोंत अधिक चांगली कोणती? क्रायस्लर इमारतीचा माथा न गंजणाऱ्या झळझळीत पोलादाने मढविलेला आहे. एकावर एक चढत गेलेल्या कमानी आणि त्यांतील त्रिकोणी खिडक्या यांमुळे तिने मुकुट धारण केला आहे, असे भासते. तिच्या कोपऱ्यांतून पोलादी गरुडांची मस्तके बाहेर डोकावतात. मोटारींच्या पुढील भागावर जी शोभेची चिन्हे असत, त्यांवरून ती घडविलेली आहेत.

एम्पायर स्टेट इमारतीस असा नखरा नाही. ती करड्या दगडाची, साधी आणि भारदस्त आहे. मात्र तिने दिवस पाहिले ते कठीण. व्हॅन ॲलन यांचा सुळका चढला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळू लागला होता. पाठोपाठ महामंदी आली. एम्पायर स्टेट इमारतीतील कचेऱ्यांना भाडेकरू मिळेनात. लोक तिच्या नावाचाच विपर्यास करून तिला ‘रिकामी’ म्हणून हिणवू लागले. तरीही तिच्या गच्चीवरून शहर पाहण्यासाठी माणसे तिकीट काढून येतच राहिली. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक लष्करी विमान तिच्यावर आदळले. त्या अपघातात १४ माणसे मृत्युमुखी पडली. पण इमारत ढळली नाही.

२००५ साली न्यूयॉर्कमधील एका संग्रहालयाने वास्तुविशारद, अभियंते, इतिहासकार अशा शंभर जाणकारांना शहरातील आवडत्या इमारती विचारल्या. त्यांनी पहिला मान क्रायस्लर इमारतीस दिला. २००७ साली अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने देशभरातील सामान्य नागरिकांची आवड जाणून घेतली, तेव्हा पहिली आली ती एम्पायर स्टेट इमारत. क्रायस्लर इमारतीस त्या यादीत नववे स्थान मिळाले.

तिच्या लगेच खाली, दहाव्या स्थानावर, वॉशिंग्टन येथील व्हिएटनाम युद्धस्मारक होते. त्याला शिखर नाही, कळस नाही, दारही नाही. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या दोन भिंती एका कोनात मिळतात, एवढीच त्याची रचना. त्यासाठी १९८१ साली झालेल्या स्पर्धेत १,४२१ आराखडे आले होते. परीक्षकांपुढे स्पर्धकांची नावे नव्हती. निवड झाल्यावर कळले, की तो आराखडा २१ वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीचा आहे. अनेकांनी त्यास कडाडून विरोध केला. वीरांचे स्मारक उंच व शुभ्र असावे, जमिनीत दडलेले व काळे नसावे, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही १९८२ साली ते पूर्ण झाले. त्यावर युद्धात मरण पावलेल्या ५८,००० हून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. कोणी त्यांतील आपल्या माणसाचे नाव शोधतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि उमटलेली अक्षरे घरी घेऊन जातो. दगड इतका गुळगुळीत आहे, की नाव वाचणाऱ्यास त्यातच आपला चेहराही दिसतो.

उंचीसाठी ज्या देशात एवढी चढाओढ झाली, त्याच देशातील लोकांनी जमिनीवर डोके न काढणाऱ्या या भिंतीसही आपल्या आवडत्या दहा वास्तूंत बसविले. ‘उंच की ठेंगणी?’ एवढ्याच प्रश्नाने त्यांची आवड कळली नसती. ‘का?’ हा त्या खेळातील दुसरा प्रश्न विचारावाच लागतो.

शब्दार्थ
वास्तुविशारद – इमारतींचे आराखडे करणारा तज्ज्ञ
सुळका – वर निमुळते होत गेलेले टोक
विपर्यास करणे – उलटा अर्थ लावणे
महामंदी – व्यापारउद्योग दीर्घकाळ बसण्याची स्थिती

स्वाध्याय
१. व्हॅन ॲलन यांनी आपला डाव कसा साधला?
२. एम्पायर स्टेट इमारतीवर कोणकोणते कठीण प्रसंग आले?
३. युद्धस्मारकाच्या आराखड्यास विरोध का झाला? तो तुम्हांस योग्य वाटतो काय?
४. ‘सुंदर पण गैरसोयीचे घर, की साधे पण सोयीचे घर?’ यांतील एक निवडा आणि आपली कारणे दहा ओळींत लिहा.