पेटीतल्या पाकोळ्या द्राक्षं खातील का?

प्रश्न : वटवाघळांसाठी शेतात लाकडी पेटी बसवली तर द्राक्षबागेचं नुकसान होईल का?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : पेटीमुळे नाही. फळं खाणारी वटवाघळं झाडांवर, पडक्या वाड्यांत, जुन्या विहिरींत राहतात. पेटीच्या चिंचोळ्या फटीत शिरतात त्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं. फट दोन-अडीच सेंटिमीटरच ठेवा, तळ उघडा, आतली फळी रंधा न मारलेली. गुळगुळीत लाकडावर त्यांची नखं ठरत नाहीत. परदेशी व्हिडिओत पेटी काळी रंगवतात, ते थंड मुलखासाठी. आपल्या एप्रिलात तिची भट्टी होईल! फिकट रंग द्या, सकाळचं ऊन पुरे. भिंतीवर किंवा खांबावर, बारा-पंधरा फुटांवर, दिव्यापासून दूर लावा. ती वर्ष-दोन वर्षं रिकामी राहू शकते, कदाचित कायमचीही. म्हणून गोठ्याच्या आढ्यात आधीच पाकोळ्या असतील तर त्यांना हुसकावू नका. ती जागा पेटीहून मोलाची. देखभाल थोडीच : पेटी रिकामी असताना गांधीलमाश्यांचं पोळं काढा. लेंड्यांचं खत उत्तम, पण गोळा करताना मास्क लावा. खाली पडलेली पाकोळी उघड्या हाताने उचलू नका. चावलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा.