दव गोठणाऱ्या रात्री द्राक्षबाग व ठिबक संचाची काळजी

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडजवळील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात किमान तापमान १.८ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आले होते. त्या दिवसांत परिसरात दव गोठल्याचे पाहावयास मिळाले. पारा शून्याच्या वर असताना बर्फ कसा झाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन, पाने व ठिबकच्या काळ्या नळ्या आपली उष्णता आकाशाकडे टाकतात आणि हवेपेक्षा तीन-चार अंशांनी अधिक थंड होतात. म्हणून बातमीत ४ अंश ऐकले तर आपल्या बोदावर शून्य धरून चालावे. सखल भागातील बागेत गार हवा साचते, तेथे आणखी सावध राहावे.

पाणी केव्हा व किती द्यावे

विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. ते जमिनीत गेल्यावर आपली उष्णता मातीला व वेलीभोवतीच्या हवेला देते. किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास नोंदले जाते, म्हणून पाणी पहाटे तीनच्या आसपास सुरू करून सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवावे. वाहते पाणी सहसा गोठत नाही, त्यामुळे नळ्यांचेही रक्षण होते.

मात्र येथे बहुतेकांची एक चूक होते. थंडीच्या भीतीने दिवसाचे पाणी देऊन शिवाय पहाटेचेही दिले जाते. मण्यात पाणी उतरत असताना असे जादा पाणी दिल्यास मणी तडकतात आणि थंडीने वाचवलेला माल तडकण्याने जातो. पाण्याची मात्रा वाढवू नये, फक्त वेळ बदलावी. रोजचेच पाणी पहाटे द्यावे. आपल्या फीडरला त्या आठवड्यात दिवसाची पाळी असेल तर मावळतीपूर्वी पाणी द्यावे; ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता साठवून ठेवते. घडांवर तुषाराने पाणी मात्र मारू नये, कूज व रोगास आमंत्रण मिळते.

पहाटे बागेत एकट्याने जाऊ नये. गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. दोघांनी बॅटरी घेऊन, बोलत जावे.

नळ्या, फिल्टर व फवारणी पंप

पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. काश्मीर, हिमाचलात याच कारणाने नळ फुटतात. आपल्याकडे थंडीचा हा जोर पहाटेचे काही तासच असतो, त्यामुळे जमिनीत गाडलेल्या पीव्हीसी पाइपला धोका नाही. लॅटरल लवचीक असल्याने तीही सहसा फुटत नाही. पण तिच्यात साचलेले थोडे पाणी गोठून तोट्या बंद होतात. अशा वेळी घाईने मोटर चालू केली तर दाब वाढून ग्रोमेट व टोकाच्या टोप्या निखळतात. म्हणून थंडीच्या लाटेत पहाटे पाणी देणे शक्य नसेल तर सायंकाळी लॅटरलची टोके व सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी काढून टाकावे.

खरी जपणूक हवी ती कडक भागांची. फिल्टर, दाबमापक, पितळी व्हॉल्व्ह आणि एचटीपी पंपाच्या डोक्यात राहिलेले पाणी गोठले तर तडा जाऊ शकतो. फवारणी संपल्यावर टाकी व नळी रिकामी करून पंप क्षणभर कोरडा फिरवावा. जमिनीवरच्या उभ्या पाइपला व फिल्टरला कोरडे गोणपाट गुंडाळून वरून प्लॅस्टिक बांधावे. भिजलेले गोणपाट निरुपयोगी. नळी गोठलीच तर टेंभा लावू नये. विहिरीचे ताजे पाणी ओतावे किंवा ऊन येईपर्यंत थांबावे.

शेकोटी व कागद

धुराने थंडी अडते असा समज आहे. प्रत्यक्षात धूर फारसे काही करीत नाही, उपयोग होतो तो विस्तवाच्या उबेचा. एका मोठ्या जाळाची उष्णता सरळ वर निघून जाते, तेव्हा बांधावर छाटणीच्या काड्यांच्या लहान लहान अनेक शेकोट्या कराव्यात. टायर किंवा प्लॅस्टिक जाळू नये, काजळी घडांवर बसते.

थॉमसन व तास-ए-गणेश या जातींत दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या तफावतीने मणी गुलाबी पडतात व अशा मालाला भाव मिळत नाही. त्यासाठी मण्यात पाणी उतरण्यापूर्वीच घडांना कागद लावावा. मजुरी जड वाटते खरी. सर्व बागेस परवडत नसेल तर निदान सखल बाजूच्या आणि कडेच्या ओळींना तरी लावावा. एकदा मणी गुलाबी झाल्यावर कागद लावून रंग परत येत नाही.