आपल्या गावाचे पान आपणच नीट करू या : मराठी विकिपीडियावर संपादन कसे करावे?



तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो आणि मग प्रकल्प येतो : ‘माझ्या गावाची माहिती’. मुले काय करतात, ते आपल्याला माहीत आहेच. मोबाईल घ्यायचा, गावाचे नाव टाकायचे आणि जे पहिले दिसेल ते वहीत उतरवायचे. पहिले दिसते ते बहुतेक वेळा विकिपीडियाचे पान. म्हणजे त्या पानावर एक वाक्य चुकीचे असेल, तर ते एका वर्गात चाळीस वह्यांमध्ये जाते. म्हणून मुलांना ‘नेटवरचे उतरवू नका’ असे नुसते सांगण्यापेक्षा ते पान सुधारणे हे आपलेही काम आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो पगारी माणसे लिहीत नाहीत, तुमच्या-माझ्यासारखेच लोक लिहितात. चला तर मग, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आपलीच तीन गावे घेऊन हे काम शिकू या.

१) आधी खाते, मग धूळपाटी

खाते उघडल्याशिवायही अनेक पानांवर संपादन करता येते, पण खाते उघडलेले बरे. खरे नाव द्यायची सक्ती नाही. मात्र एक खाते एकाच माणसाचे. शाळेच्या नावाने खाते काढून पासवर्ड सगळ्यांना वाटू नका. खाते झाले की आधी ‘धूळपाटी’वर सराव करा. पाटीवर गिरवून मग वहीत लिहितो, तसेच हे. दुसऱ्या लेखाचा दुवा द्यायचा असेल तर त्या शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घालतात. जतन करण्याआधी झलक पाहायची सवय लावा.

२) पहिले काम छोटे घ्या : शुद्धलेखन

नवा लेख लिहायची घाई नको. गावाच्या पानावर ‘बदलापुर’ दिसले तर ते ‘बदलापूर’ करा. हिंदीत ‘पुर’ ऱ्हस्व, मराठीत ‘पूर’ दीर्घ. पण पुढे काही प्रत्यय लागले की उलटे होते बरं का! ‘बदलापुरात’ यात ‘पु’ ऱ्हस्वच हवा. सगळीकडे एकाच फटक्यात बदल करायला गेलात तर बरोबर असलेलेही बिघडेल. बदल करताना आढाव्याच्या चौकटीत ‘शुद्धलेखन’ एवढे लिहायला विसरू नका. मागून येणाऱ्याला कळते की तुम्ही काय केले.

३) वाक्य लिहिले की विचारा : हे कुठे छापले आहे?

विकिपीडियाचा हा मुख्य नियम. ‘मला माहीत आहे’ हा पुरावा होत नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर बघा. ‘हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे गावात सर्रास ऐकू येते. पण मंदिरात शिलालेख आहे आणि त्यात शके ९८२ हे वर्ष आहे. शकात ७८ मिळवले की इ.स. १०६०. (तारीख जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९ मिळवायचे.) शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात हे मंदिर पुरे झाले, असे अभ्यासक या लेखावरून मानतात.

मग पांडवांची गोष्ट काढून टाकायची का? नाही. ती ‘आख्यायिका’ म्हणून, वेगळ्या वाक्यात आणि छापील आधार देऊन लिहायची. इतिहास आणि आख्यायिका एकाच वाक्यात कालवू नका, एवढेच.

संदर्भ देताना पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक द्या. ‘एका पुस्तकात वाचले’ असे चालत नाही. ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटिअर आजही उपयोगी आहे, पण ते १८८२ चे आहे हे वाक्यात दिसू द्या.

४) नावाची गोष्ट जपून लिहा

बदलापूर म्हणजे ‘घोडे बदलण्याचे गाव’ ही व्युत्पत्ती आपण सगळे सांगतो. मुलांना ती फार आवडते. पण लेखात ‘म्हणून बदलापूर हे नाव पडले’ असे ठाम लिहू नका. ‘असे सांगितले जाते’ लिहा आणि कुठे सांगितले आहे तो संदर्भ जोडा. पाण्याची खोली माहीत नसताना आपण मुलांना ‘उडी मार’ म्हणत नाही, तसेच हे.

इथे आणखी एक सापळा आहे. विकिपीडियावरचे वाक्य कुणीतरी आपल्या संकेतस्थळावर उतरवतो, मग दुसरा येऊन तेच संकेतस्थळ विकिपीडियावर संदर्भ म्हणून देतो. साप आपलीच शेपटी गिळतो! म्हणून शब्दशः तेच वाक्य दिसले तर आधी पानाचा इतिहास उघडा आणि कोणते आधी लिहिले गेले, ते बघा.

५) आकडा एकटा सोडू नका

आकड्याबरोबर वर्ष आणि हद्द हवीच. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजारांच्या आसपास होती. पण ‘उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख आहे’ असे लिहिले की ते वाक्य दरवर्षी जास्त जास्त खोटे होत जाते.

हद्दीचे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याचे आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ चा ठाणे जिल्ह्याचा आकडा, सुमारे १ कोटी १० लाख, हा पालघर धरून आहे. तो आजच्या ठाणे जिल्ह्यापुढे तसाच ठेवला, तर आकडा खरा असूनही माहिती चुकीची ठरते.

६) माणसांबद्दल लिहिताना तोल

उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, ‘कल्याण कॅम्प’. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. आजही पत्त्यात ‘कॅम्प नंबर ४’ असे लिहितात, ते त्यामुळेच.

पण या शहराच्या मालावरून ‘मेड इन यूएसए’चा विनोदही सगळ्यांना ठाऊक आहे. असला विनोद ज्ञानकोशात माहिती म्हणून टाकू नका. ज्यांच्या आजी-आजोबांनी घरदार सोडून बराकीत संसार मांडला, त्यांची नातवंडे आपल्याच वर्गात बसतात आणि हेच पान वाचतात. उलट बाजूने ‘थोर समाजसेवक’, ‘लाडके नेतृत्व’ हे शब्दही नकोत. काय केले आणि कधी केले ते लिहा, थोरवी वाचक ठरवेल.

आजीने सांगितलेली आठवण मात्र विकिपीडियावर घालता येत नाही, कारण ती कुठे छापलेली नसते. म्हणून ती वाया घालवायची का? मुळीच नाही. मुलांकडून शाळेच्या हस्तलिखितात लिहून घ्या. ती माणसे आता थोडी उरली आहेत, हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.

७) उतरवू नका, समजून लिहा

वर्तमानपत्रातला किंवा दुसऱ्याच्या लेखातला मजकूर चिकटवला तर तो काढला जातो. वाचा, पुस्तक मिटा आणि आपल्या शब्दांत लिहा. फोटोही स्वतः काढलेलाच द्या. तो विकिमीडिया कॉमन्सवर चढवला की कुणीही वापरू शकतो, हे आधी समजून घ्या. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो नकोतच.

८) तुमचा बदल कुणी उलटवला तर?

रागावू नका आणि लगेच पुन्हा तेच टाकू नका. आधी पानाच्या इतिहासात कारण बघा. मग लेखाच्या चर्चा पानावर संदर्भासह शांतपणे मांडा आणि शेवटी चार टिल्ड टाकून सही करा. अडलेच तर ‘चावडी’वर विचारा. बहुतेक वेळा संदर्भ जोडला की वाद मिटतो.

या आठवड्यात एवढेच करा : आपल्या गावाचे पान उघडा, संदर्भ नसलेले एक वाक्य शोधा आणि वाचनालयात जाऊन त्याचा आधार मिळवा. मिळाला तर जोडा. नाहीच मिळाला तर चर्चा पानावर तसे लिहा. पुढच्या वर्षीच्या चाळीस वह्या तेवढ्या सुधारतील.