‘स्टेज शून्य’ म्हणजे काय? स्तनाच्या कर्करोगाची अगदी सुरुवात

मैत्रिणींनो, रिपोर्टवर ‘स्टेज शून्य’ आणि त्याच ओळीत ‘कॅन्सर’ असं वाचलं तर कोणीही गोंधळेल. शून्य म्हणजे काहीच नाही, मग कॅन्सर कसला? आज हेच समजून घेऊ.

स्तनातलं दूध बारीक नलिकांमधून स्तनाग्रापर्यंत येतं. या नलिकेच्या अस्तरातल्या पेशी कधी कधी बेसुमार वाढतात. दिसायला त्या कर्करोगाच्या पेशींसारख्याच, पण नलिकेची भिंत ओलांडून बाहेर पडलेल्या नसतात. पाटाचं पाणी अजून पाटातच आहे, बांध फोडून शेतात शिरलेलं नाही, असं समजा. डॉक्टर याला ‘डीसीआयएस’ म्हणतात.

यात बहुतेकदा गाठ हाताला लागत नाही, दुखतही नाही. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. जाड सुईने तुकडा काढून तपासल्यावरच निदान होतं. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा आपल्याकडचा गैरसमज मात्र सोडून द्या.

उपचारात तेवढाच भाग, भोवतीच्या थोड्या निरोगी कडेसह काढतात. त्यानंतर सहसा रेडिएशन देतात. त्यामुळे त्याच स्तनात आजार परतण्याचा धोका साधारण निम्मा होतो. आजार बऱ्याच भागात असेल तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या असतील तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी, बहुधा 5 वर्षं. आणि केमोथेरपी? डीसीआयएसला ती लागत नाही. केस गळतील या धास्तीने तपासणीच टाळणाऱ्या कितीतरी जणी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

प्रत्येक डीसीआयएस पुढे पसरतोच असं नाही. पण कुणाचा पसरेल हे आज खात्रीने सांगता येत नाही, खरी अडचण तीच. अमेरिकेतल्या ‘कॉमेट’ अभ्यासात कमी धोक्याच्या काही स्त्रियांवर लगेच शस्त्रक्रिया न करता बारीक लक्ष ठेवलं गेलं. 2024 साली आलेले निकाल आश्वासक आहेत, पण ते फक्त 2 वर्षांचे. तेवढ्यावरून आपल्या मनाने ‘बघू नंतर’ म्हणू नका; डॉक्टरांना ग्रेड विचारा, पर्याय विचारा. पाट अजून फुटलेला नाही, तेव्हा दोन-चार दिवस विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो.