कापडाचा खरा रंग फोटोत कसा आणावा?

व्यापारी बांधवांनो, फोटो पाहून मागवलेल्या कापडाचा रंग वेगळा निघाला, तर माल परत येतो आणि भरवसाही जातो. म्हणून नायगावात आम्ही छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने मालाचे फोटो काढताना 'ऑटो' सोडून 'पी' लावतो. फ्लॅश बंद ठेवावा; त्याने जरी नुसती चकाकते. कापड दिवसा दारातल्या सावलीत पसरावे, ट्यूबलाइट बंद करावी. दोन उजेड मिसळले की रंग बिघडतो. मग 'व्हाइट बॅलन्स'मध्ये जाऊन कोऱ्या पांढऱ्या कागदावर रंग जुळवावा. कॅमेरा सगळे मध्यम राखाडी धरतो, त्यामुळे पांढरी मलमल मळकट आणि बुरख्याचे काळे कापड फिके दिसते. पांढऱ्याला उजेड +१, काळ्याला −१ करून पाहावा. फोटो मालाशी ताडूनच गिऱ्हाइकाला पाठवावा. माप चोख, तसा रंगही चोख हवा.